चोवीस-ए

“मिसेस टिपणीस कुठे आहेत?”

हवाई सेविकेनं हे विचारलं तेव्हा मी दोन सीटांच्या मध्ये गुडघे टेकून बसलो होतो आणि माझ्या हातात शिंप्याची टेप होती. लंडनहून न्यूयॉर्कला जाणारं सकाळचं विमान अजून जागचं हललं नव्हतं.

“त्या येऊ शकल्या नाहीत,” मी म्हणालो. “ऐन वेळी तब्येत बिघडली.”

“अरेरे! लवकर बऱ्या होवोत.” बाई पन्नाशीच्या, स्कॉटिश हेल काढून बोलणाऱ्या. छातीवरच्या पट्टीवर मोराग असं नाव होतं. “आणि तुम्ही काय शोधताय?”

“पेन पडलं.”

दोन्ही उत्तरं खोटी होती. पेन माझ्या खिशात होतं. आणि मिसेस टिपणीस, म्हणजे माझी आई इंदुमती, दीड वर्षापूर्वीच रोह्याला वारली होती.

माझं काम सांगतो, म्हणजे हा काय प्रकार आहे ते कळेल. सोळा वर्षांपूर्वी मी लंडनच्या एका प्रवासविषयक मासिकासाठी विमानातल्या सीटांची परीक्षणं लिहायचो. हसू नका. असं काम असतं, आणि त्यावर वाचकांची तावातावानं पत्रंही येतात. अटलांटिक ओलांडणाऱ्या कंपन्यांमध्ये त्या सुमारास प्रीमियम इकॉनॉमीवरून मोठी चुरस लागली होती. प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे काय, तर ज्याला पुढच्या पडद्याआड प्रवेश नाही अशा माणसाला मागच्या गर्दीपासून सहा इंच लांब बसवायचं आणि प्लास्टिकऐवजी काचेच्या ग्लासातून पाणी द्यायचं. त्या सहा इंचांवर माझं पोट चालायचं.

या खेपेला दोन कंपन्यांचा सामना होता. एकीनं जायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीनं परत यायचं आणि कोणाची सीट सरस ते लिहायचं. कंपन्यांची नावं मी सांगणार नाही. पांघरुणांच्या रंगावरून एकीला निळी म्हणू, दुसरीला करडी.

आमची संपादक फिओना हिचा एक शिरस्ता होता. शेजारची सीट रिकामी हवी, तरच नीट मापं घेता येतात, फोटो काढता येतात. पण जादा सीट मागितली की कंपनीला संशय येतो आणि मग सरबराई सुरू होते. म्हणून दुसरं तिकीट कोणाच्या तरी नावानं काढायचं, आणि ते माणूस आलंच नाही असं दाखवायचं. तिकिटाच्या अर्जात जन्मतारीख लागते, पासपोर्टचा नंबर लागतो. स्वतःचा सोडून दुसरा एकच पासपोर्ट नंबर मला पाठ होता. आईचा पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात होता, एकही शिक्का न पडलेला. एका हातात सँडविच धरून दुसऱ्या हातानं मी तिचं नाव घातलं. दोघांचं जेवण वेगवेगळं मागवायचं असायचं, म्हणजे त्यांची तुलना होते. मी माझ्यासाठी चिकन लिहिलं आणि आईच्या नावापुढे मासा. मासा म्हटला की ती दोन घास जास्त जेवायची, तेव्हा हात तिकडेच गेला.

एवढंच घडलं होतं. त्यात कसला विचार नव्हता.

विमान उडाल्यावर मी कामाला लागलो. टेपही आईचीच होती. ती आयुष्यभर ब्लाउज शिवायची. टेपचा पहिला इंच झिजून गेला होता, म्हणून ती एकपासून मोजायला सुरुवात करायची आणि शेवटी एक वजा करायची. मीही तसंच करायचो. निळ्या कंपनीचं दोन सीटांतलं अंतर अडतीस इंच, सीटची रुंदी साडेअठरा, पाठ मागे जाते सात इंच. खिडकीच्या सीटला पाय टेकवायला एक दांडी होती, ती पायानं दाबली की खाली यायची. मी ती दोनदा खाली-वर करून पाहिली, वर करून ठेवली आणि रिकाम्या सीटचा फोटो काढला. शेवटचा फोटो नेहमी सगळं जागच्या जागी असताना काढायचा, ही माझी सवय.

साडेअकराच्या सुमारास जेवण आलं. मोरागनं माझं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि दुसऱ्या ताटावरची चिठ्ठी वाचली. “हे मिसेस टिपणीसांचं. परत नेऊ का?”

“नको, राहू दे,” मी म्हणालो. “मी चव बघेन.”

तिनं शेजारचा ट्रे उघडून ताट नीट मांडलं. पांढरा कापडी रुमाल, काचेचा ग्लास, साखर-मिठाच्या पुड्या. मी आधी माझं चिकन खाल्लं, त्याबद्दल दोन वाईट ओळी लिहिल्या, आणि माशाकडे वळायच्या आधी जरा डोळे मिटले. खिडक्या बंद होत्या, दिवे मंद केलेले. भर दुपारी विमानात अशी खोटी रात्र करतात, तिनं मला नेहमीच गुंगी यायची.

अर्ध्या तासानं डोळे उघडले. माशाचा एक कोपरा अलगद उचललेला होता. झाकणाचा चांदीचा कागद ताटाशेजारी ठेवलेला होता, चौकोनी चार घड्या घालून. पुड्या दिसत नव्हत्या. आणि पाय टेकवायची दांडी खाली आलेली होती.

मी बराच वेळ त्या चार घड्यांकडे बघत बसलो. आमच्या घरी चांदी काय, बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा कधी चुरगळून टाकला गेला नाही.

“तुम्ही आवरलंत का हे?” मोराग ताट न्यायला आली तेव्हा मी विचारलं.

“मी? मी आत्ताच येतेय,” ती म्हणाली. “दोन्ही आवडलेली दिसतात.”

मी हसलो. झोपेत चालणारी माणसं असतात, तशी झोपेत खाणारीही असतील, अशी मनाची समजूत घातली. तरी उरलेला मासा चाखून बघायचा मला धीर झाला नाही. निळ्या कंपनीच्या माशाबद्दल मी अंदाजानंच लिहिलं.

न्यूयॉर्कला हॉटेलात पोचल्या पोचल्या मी रोह्याला फोन लावला. कुंदाताई, माझी थोरली बहीण, तिथेच असते. तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते.

“ताई, झोपली होतीस का?”

“कुठली झोप! आज आईची तिथी नाही का? विसरलास ना?”

विसरलो होतो. पितृपंधरवडा चालू आहे हेही माझ्या डोक्यात नव्हतं.

“बारा वाजता गच्चीवर पान ठेवलं,” ताई सांगत होती. “सगळं तिच्या आवडीचं केलं होतं. पण कावळा शिवेना रे. समोरच्या पत्र्यावर ओळीनं बसले होते मेले, पण एक पुढे येईल तर शपथ! साडेचारपर्यंत उन्हात उभी होते मी. हात जोडले, म्हटलं, आई, कशात जीव अडकलाय गं तुझा? अण्णांच्या पानाला पाच मिनिटांत शिवतो. शेवटी गाईला घातलं. इतकी चुटपुट लागून राहिलीय बघ.”

रोह्याचे साडेचार म्हणजे लंडनचे बारा. मी डोळे मिटून पडलो होतो ती वेळ.

मी तिला सगळं सांगितलं, हसत हसत, गंमत म्हणून. नाव कसं घातलं, ताट कसं आलं, चांदीच्या घड्या.

“ताई?”

“विदू, अरे काय करून बसलास तू?”

“काय केलं? मासिकाची युक्ती आहे ती.”

“असेल. आईला काय माहीत मासिक?” तिचा आवाज बारीक झाला होता. “तिच्या तिथीला तू तिचं नाव घेतलंस. बसायला जागा दिलीस. तिच्या नावाचं पान वाढलंस, पाणी ठेवलंस. श्राद्धाला दुसरं काय करतात रे? मी इथे गच्चीवर हाका मारतेय आणि ती गेली तिकडे, तुझ्याकडे. जाणारच. मुलानं बोलावलंय म्हटल्यावर काय!”

“ताई, काहीतरीच काय...”

“उद्या परत येताना आहे ना तिचं तिकीट?”

“आहे.”

“मग आता ऐक. बोलावलेल्याला निरोप द्यावा लागतो. नाव घेऊन बोलावलंस, नाव घेऊनच निरोप द्यायचा. विमानातून उतरायच्या आधी मोठ्यांदा म्हण, आई, बसलीस, जेवलीस, आता सुखानं जा. मनातल्या मनात नाही हं. तोंडानं.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर बसेल तिथेच. तुला माहितेय ती कशी आहे ते. कोणी ‘चल’ म्हटल्याशिवाय ती उठायची नाही.”

ते मला माहीत होतं. एकदा पुणे स्टेशनवर मी तिला बाकावर बसवून तिकीट बदलायला गेलो आणि कॉलेजचा मित्र भेटल्यावर चक्क विसरलो. पाच तासांनी धावत आलो तर ती त्याच बाकावर, त्याच कडेला, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. पाणी प्यायलासुद्धा उठली नव्हती. “तू इथेच बस म्हणालास ना,” एवढंच म्हणाली.

त्या रात्री मला दुसरं नाव रद्द करता आलं असतं. फोन हातात होता. केलं नाही. ताईच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नव्हता हे एक. आणि दुसरं म्हणजे, मला ती यायला हवी होती.

आईनं विमानात कधी पाय ठेवला नाही. मी लंडनला गेलो त्याच वर्षी तिनं पासपोर्ट काढून घेतला होता. पहिली दोन वर्षं मी काही ना काही कारणं सांगितली. मग सीटांचं काम मिळालं आणि मला कायमचं कारण सापडलं. “आई, तुझे गुडघे दुखतात. साध्या सीटवर दहा तास कशी बसशील? थांब, मी चांगली सीट शोधतोय.” पुढची तीन वर्षं दर रविवारी मी तिला फोनवर सीटांची तुलना ऐकवायचो. हिचं अंतर अडतीस इंच, पण हात ठेवायची जागा अरुंद. तिची पाठ छान मागे जाते, पण पाय टेकवायला काही नाही. आई चार फूट आठ इंच. कुठल्याही खुर्चीत तिचे पाय लोंबकळायचे, म्हणून पायांखालच्या आधाराची ती खोदून खोदून चौकशी करायची. ती हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. इंच आणि सूत तिला माझ्याहून जास्त कळायचे.

“मग कुठली ठरली रे?” फोन ठेवताना ती विचारायची.

“अजून दोन बघायच्यात.”

एकदा तिनं विचारलं, “विदू, पोटाला पट्टा बांधतात म्हणे. तो सोडायचा कसा? मला नाही हो जमायचं.”

“त्याची काळजी तू कशाला करतेस?” मी म्हणालो. “तेव्हा मी शेजारी असेन ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं विमान होतं, करड्या कंपनीचं. दोघांचं चेक-इन एकदमच झालं होतं आणि दोन्ही बोर्डिंग पास माझ्या कोटाच्या खिशात होते. दारावरच्या मुलीनं माझा पास यंत्राला दाखवला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तुमच्या आई पुढे गेल्यात. सावकाश जा, घाई नाही.”

मी खिशात हात घातला. तिचा पास तिथेच होता.

चोवीस-ए ही खिडकीची सीट, चोवीस-सी माझी. मधे काही नाही, दोघांचीच जोडी. चोवीस-ए रिकामी होती. करडं पांघरूण घडी उलगडून सीटवर पसरलेलं होतं आणि त्यावरून पट्टा बांधलेला होता. घट्ट, म्हणजे अगदी लहान चणीच्या माणसाला बांधावा तसा.

मी कर्तव्य केलं. टेप काढली. एकपासून मोजून एक वजा. अंतर अडतीसच, रुंदी एकोणीस, अर्धा इंच जास्त. पायांखालचा आधार इथे रुंद होता, गादी लावलेला, हवा तेवढा वर-खाली होणारा. सीटची पाठ मोजायला मी खिडकीकडे वाकलो तेव्हा ओव्याचा वास आला. जेवण झाल्यावर आई चिमूटभर ओवा चावायची.

विमान वर गेल्यावर कर्टिस नावाचा सेवक गाडी घेऊन आला. त्रिनिदादचा, हसतमुख, बोलका. त्यानं मला चहा दिला, मग माझ्यावरून वाकला आणि खिडकीकडे बघून म्हणाला, “आणि तुम्हाला, मॅडम?” जरा थांबला. मग मान डोलावून त्यानं चहाचा दुसरा कप भरला, त्यात दूध घातलं आणि चोवीस-एच्या ट्रेवर ठेवला. साखरेच्या मात्र चार पुड्या ठेवल्या.

“तुम्ही कोणाशी बोललात?” मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. “तुमच्या आई बोलत नाहीत, पण हातानं छान सांगतात,” तो म्हणाला. “खिडकीची थंडी लागतेय त्यांना. आणखी एक पांघरूण आणतो.”

त्यानं ते आणलं आणि हवेत, गुडघ्याच्या उंचीवर, जपून पसरलं. पांघरूण खाली पडलं नाही. म्हणजे पडलं, पण सगळं नाही. मधे थोडं उंच राहिलं.

पुढचे पाच तास मी वळून बघितलं नाही. बाजूला बघायचंच नाही असं ठरवलं की मान दुखते, आणि दिसायचं ते कडेनं दिसतंच. जेवण आलं. कर्टिसनं मासा तिकडे ठेवला, चिकन मला दिलं. चिकनची चव मला आजही सांगता येणार नाही. चांदीच्या कागदाच्या घड्या पडतात तेव्हा होतो तो आवाज मला ऐकू आला. एक, दोन, तीन, चार. मग मी पाहिलं.

ट्रेवर पांढरा कापडी रुमाल होता. त्याच्या कोपऱ्याला गाठ मारलेली होती, आणि गाठीतून साखरेच्या पुडीचं एक टोक बाहेर आलं होतं.

ती गाठ मी ओळखत होतो.

आता खरं सांगायला हवं, जे मी ताईलाही सांगितलं नव्हतं. गुडघ्यांचं कारण खोटं होतं. सीटांचं काम मिळालं त्याच सुमारास फिओना आणि मी कामासाठी मुंबईला आलो होतो. मी तिला एका बड्या हॉटेलात जेवायला नेलं आणि आईला रोह्याहून बोलावलं, मुद्दाम, कौतुकानं. आई नवं लुगडं नेसून आली. जेवण छान झालं. उठताना तिनं टेबलावरच्या साखरेच्या, मिठाच्या सगळ्या पुड्या गोळा केल्या, रुमालात बांधल्या, गाठ मारली आणि रुमाल कमरेला खोचला. फिओनानं पाहिलं. वेटरनंही पाहिलं. फिओना हसली, काही वाईट नाही, सहजच. पण माझे कान तापले. बाहेर आल्यावर मी आईला म्हणालो, “भिकाऱ्यासारखं काय करतेस चारचौघांत? लाज आणलीस मला.”

तिनं रुमाल सोडला आणि पुड्या हॉटेलच्या पायरीवर नीट ओळीनं ठेवून दिल्या. नंतर कधी तो विषय काढला नाही. दर रविवारी फक्त विचारायची, कुठली सीट ठरली रे.

मला तिची लाज वाटत होती. लंडनला ती आली तर माझ्या शेजाऱ्यांसमोर, माझ्या फिओनासमोर ती रुमालाला गाठी मारत बसेल, याची मला भीती होती. तीन वर्षं मी जगातल्या सीटांची मापं काढली ती एवढ्यासाठी, की तिला एकाही सीटवर बसवावं लागू नये.

विमान उतरायला लागलं. संध्याकाळ झाली होती आणि खाली लंडनचे दिवे दिसत होते. मी मनात वाक्य घोळवू लागलो. आई, बसलीस, जेवलीस, आता सुखानं जा. मराठीत आठ शब्दसुद्धा नाहीत. रुमालाबद्दल क्षमाही मागायची होती. निरोप द्यावासा वाटला नसता, तर तिला हाताला धरून घरीच नेलं असतं मी. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. भीती पार गेली होती. रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

चाकं टेकली. विमान थांबलं. दिवे लागले. सगळेजण एकदम उभे राहिले, जसे राहतात.

मीही उभा राहिलो आणि वळलो. चोवीस-एवर पांघरूण होतं, मधे थोडं उंच. आधार वर घेतलेला, म्हणजे पाय टेकलेले. पट्टा तसाच, घट्ट. गाठ मारलेला रुमाल आता ट्रेवर नव्हता, पांघरुणावर होता, दोन्ही हात मांडीवर घेऊन बसणारं माणूस जिथे धरेल तिथे. ती कुठे जात नव्हती. माझी वाट बघत होती.

मी तोंड उघडलं.

“अहो,” मागचा उंच माणूस सौजन्यानं म्हणाला, “आधी बाईंना बाहेर येऊ द्या ना. आम्ही थांबतो.” त्याच्यामागे सगळी रांग थांबली होती. सूट घातलेली माणसं, एक तरुण जोडपं, कर्टिस. सगळे माझ्याकडे बघत होते. नेमके कोणाकडे ते मला माहीत नाही. पण मला वाटलं, माझ्याकडे. एका रिकाम्या सीटशी वाकून मराठीत बोलणाऱ्या माणसाकडे ही मंडळी कशी बघतील, ते मला लख्ख दिसलं.

माझे कान तापले.

मी वरून बॅग ओढली आणि चालू लागलो. भराभर. मागे वळलो नाही. रांग मात्र लगेच माझ्यामागे आली नाही. मी दारापर्यंत पोचलो तरी ती थांबलेलीच होती, एका माणसापुरती जागा सोडून.

“सांगितलंस ना रे?” ताईनं त्याच रात्री फोन करून विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

तुलना पुढच्या महिन्यात छापून आली. करड्या कंपनीला मी अर्ध्या गुणानं जिंकवलं, पायांखालच्या आधारासाठी. फिओनानं माझं कौतुक केलं. दोन महिन्यांनी मी ते काम सोडलं.

आता ताई सत्तरीपुढे गेली. दर वर्षी पितृपंधरवड्यात ती गच्चीवर दोन पानं ठेवते, वडिलांचं आणि आईचं. अण्णांच्या पानाला कावळा पाच मिनिटांत शिवतो. आईच्या पानाकडे सोळा वर्षांत फिरकलेला नाही. “तू मोठ्यांदा म्हणाला होतास ना, विदू?” ती अजून विचारते. मी अजून हो म्हणतो.

त्या कंपनीच्या विमानानं त्यानंतर मी नऊ वेळा गेलो-आलो. दोन सीटा, दोन नावं, एक मासा. कोणी आलं नाही. त्यांच्याकडे त्या जातीची विमानं बरीच आहेत आणि नेमकं ते मला मिळत नाही.

पत्रं मात्र येतात. मासिक बंद पडेपर्यंत तिकडे यायची, आता लोक कंपनीच्या संकेतस्थळावर लिहितात आणि मी ती कागदावर उतरवून आईच्या पासपोर्टाबरोबर खणात ठेवतो. पहिलं पत्र लीड्सच्या एका शिक्षकाचं होतं. गेल्या महिन्यातलं बॉस्टनच्या एका बाईंचं आहे. मजकूर थोड्याफार फरकानं तोच असतो. चोवीस-ए फार छान सीट आहे. पायांना उत्तम आधार. कोणीतरी ओवा सांडल्यासारखा मंद वास. तक्रार एकच, किरकोळ. आत गेल्यावर पट्टा आधीच बांधलेला असतो, लहान मुलाला बांधावा इतका घट्ट, आणि आपण तो सोडून बसलो तरी प्रवासभर असं वाटत राहतं की शेजारी कोणीतरी आपल्याला विचारतंय, हा सोडायचा कसा.

तेव्हा मी शेजारी असेन, असं मी तिला सांगितलं होतं.